पानांतील अतिनील-रोधक द्रव्ये खरोखर डीएनएचे रक्षण करतात का, हे कसे तपासावे

उन्हावाचून झाडाचे चालत नाही आणि भर दुपारी सावलीत जाऊन बसण्याची सोयही त्याला नसते. प्रकाशाबरोबर येणारे अतिनील किरण त्याला जागच्या जागी सोसावे लागतात. या किरणांपैकी २८० नॅनोमीटरहून आखूड लांबीचे ‘सी’ किरण ओझोनच्या थरात पूर्णपणे अडतात, २८० ते ३१५ नॅनोमीटरच्या ‘बी’ किरणांपैकी थोडे खाली पोहोचतात आणि ३१५ ते ४०० नॅनोमीटरचे ‘ए’ किरण बहुतांशी जमिनीपर्यंत येतात. डीएनए सर्वांत जास्त शोषण करतो ते २६० नॅनोमीटरच्या आसपास. परंतु त्या शोषणाचा उतार ‘बी’ पट्ट्यातही शिरलेला असल्यामुळे पोहोचणारे थोडे किरणही नुकसान करण्यास पुरेसे ठरतात. त्यांच्यामुळे एकाच धाग्यावरील शेजारशेजारचे दोन थायमिन रेणू (डीएनएच्या चार मूळ घटकांपैकी एक) एकमेकांशी थेट जोडले जातात आणि डीएनएची प्रत काढणारी यंत्रणा त्या जागी अडखळते.

वनस्पतींनी यावर जी तजवीज केली आहे तिचा तपशील गेल्या काही दशकांत बराच उलगडला आहे. ‘बी’ किरण ओळखणारे यूव्हीआर-८ हे प्रथिन २०११ मध्ये निश्चित झाले. त्यातील ट्रिप्टोफॅन हे घटक किरण शोषतात, जोडीने राहणारे हे प्रथिन सुटे होते आणि पुढे चाल्कोन सिंथेज या विकराची निर्मिती वाढते. या विकरापासून फ्लॅव्होनॉइडे, म्हणजे अतिनील किरण शोषणारी वनस्पतिज द्रव्ये, तयार होण्याची साखळी सुरू होते. क्वेर्सेटिन आणि केम्फेरॉल ही त्यांतील परिचित नावे होत. मोहरीच्या कुळातील वनस्पती यांच्या जोडीला सिनॅपिक आम्लाची संयुगेही बनवतात. ही द्रव्ये मुख्यत्वे पानाच्या वरच्या त्वचेतील पेशींच्या रिक्तिकांमध्ये (पेशीतील द्रव भरलेल्या कप्प्यांमध्ये) साठतात, म्हणजे किरण आतल्या हिरव्या पेशींपर्यंत पोहोचण्यापूर्वीच गाळले जातात. अ‍ॅन स्टेपलटन आणि व्हर्जिनिया वॉलबॉट यांनी १९९४ मध्ये दाखवून दिले, की फ्लॅव्होनॉइडे बनवू शकणाऱ्या मक्याच्या डीएनएमध्ये अतिनील किरणांनी होणारे नुकसान ती न बनवणाऱ्या मक्यापेक्षा कमी असते.

महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राच्या किंवा जैवतंत्रज्ञानाच्या प्रकल्पासाठी हा विषय वारंवार निवडला जातो. मात्र बहुतेक प्रकल्प डीपीपीएच चाचणी करून थांबतात आणि तेवढ्यावर ‘हा अर्क अतिनील किरणांपासून संरक्षण देतो’ असा निष्कर्ष काढतात. तो निष्कर्ष टिकणारा नाही. डीपीपीएच चाचणीत अतिनील किरण नसतात आणि डीएनएही नसतो. तेथे केवळ एका मुक्तमूलकाचा, म्हणजे अतिशय क्रियाशील रेणूचा, जांभळा रंग फिका होतो. ‘रक्षण’ या शब्दाखाली प्रत्यक्षात तीन वेगळी कामे येतात: किरण वाटेतच शोषणे, पेशीत निर्माण झालेली मुक्तमूलके निष्प्रभ करणे आणि झालेले नुकसान दुरुस्त होण्यास मदत करणे. पुढील कृतीची आखणी ही तिन्ही कामे वेगवेगळी दिसावीत अशा बेताने केली आहे.

वनस्पतीची निवड

सुरुवात मोहरीपासून करावी. ती लवकर उगवते, तिची पाने पातळ व रुंद असतात आणि तिच्यात फ्लॅव्होनॉइडे व सिनॅपिक संयुगे अशी दोन्ही प्रकारची द्रव्ये मिळतात. उन्हाळ्यात काम करावयाचे असल्यास चवळी घ्यावी. तुलनेसाठी कांद्याची कोरडी तांबूस साल जवळ ठेवावी. तिच्यात क्वेर्सेटिन भरपूर असल्यामुळे पद्धत नीट चालते आहे की नाही हे तिच्यावरून लगेच कळते. आंब्याची तांबूस कोवळी पालवी आकर्षक वाटते खरी, पण लाल रंग म्हणजेच अतिनील कवच असे सरसकट समजू नये. हा लाल रंग देणारी अँथोसायनिने मुख्यतः ५२० ते ५३० नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश शोषतात आणि ‘बी’ पट्ट्यातील त्यांचे शोषण त्यांना कोणती सुगंधी आम्ले जोडलेली आहेत यावर अवलंबून असते. अतिनील किरण अडवणारी बरीचशी द्रव्ये डोळ्याला रंगहीन किंवा जेमतेम पिवळसर दिसतात.

बावची मात्र या कामासाठी घेऊ नये. कोडावरील उपचारात तिचे बी फार पूर्वीपासून वापरले जाते आणि त्यातील सोरालेन ‘ए’ किरणांच्या सान्निध्यात डीएनएच्या दोन्ही धाग्यांना आडवे टाके घालते, म्हणजे नेमके उलटे काम करते. लिंबाच्या सालीत आणि अंजिराच्या चिकात याच गटातील संयुगे असतात; लिंबू पिळलेल्या हातांवर कडक उन्हात जे चट्टे उठतात त्यांचे कारण हेच आहे. कोणताही अर्क, तो कितीही ‘नैसर्गिक’ असो, स्वतःच्या त्वचेवर लावून पाहण्याचा मोह या प्रकल्पात पूर्णपणे टाळावा. शुद्ध क्वेर्सेटिनसुद्धा जिवाणूंवरील एम्स चाचणीत उत्परिवर्तन घडवणारे ठरले आहे.

दोन आच्छादनांखाली रोपे वाढवणे

ज्या रोपांना ‘बी’ किरण मिळाले आणि ज्यांना मिळाले नाहीत अशा दोन गटांची पाने हाती असल्याशिवाय पुढील मोजमापाला अर्थ येत नाही. यासाठी महागडे दिवे लागत नाहीत. पारदर्शक पॉलिएस्टरचा पातळ पत्रा सुमारे ३१५ नॅनोमीटरखालचे किरण अडवतो आणि ‘ए’ किरणांचा बराच भाग जाऊ देतो. साधे, अतिनील-स्थिरक न मिसळलेले पातळ पॉलिथिन ‘बी’ किरणही जाऊ देते. गच्चीवर दोन सारख्या चौकटी कराव्यात, एकीवर पॉलिएस्टर व दुसरीवर पॉलिथिन ताणावे आणि दोन्हींखाली एकाच वाफ्यातील माती भरलेल्या कुंड्या ठेवाव्यात. दुसरा गट उघड्यावर ठेवण्याचा सोपा मार्ग घेऊ नये, कारण मग उष्णता, वारा आणि दव यांचा फरकही त्यात मिसळतो.

आच्छादन विकत घेताना दुकानदाराच्या शब्दावर विसंबू नये. त्याची अरुंद पट्टी कापून स्पेक्ट्रोफोटोमीटरमधील (कोणत्या लांबीचा प्रकाश किती शोषला जातो हे मोजणाऱ्या यंत्रातील) क्युवेटच्या, म्हणजे नमुना ठेवण्याच्या लहान चौकोनी पात्राच्या, खाचेत उभी करावी आणि २८० ते ४०० नॅनोमीटरपर्यंतचे शोषण नोंदवावे. दहा मिनिटांच्या या कामाने पुढचे तीन आठवडे वाया जाण्यापासून वाचतात. शेतीच्या दुकानातील पॉलिहाऊसची फिल्म तर मुद्दाम तपासावी. तिच्यात अतिनील-स्थिरक असतो आणि काही फिल्म लाल गुलाबाच्या पाकळ्या काळ्या पडू नयेत म्हणून हे किरण जाणूनबुजून अडवतात, त्यामुळे पॉलिहाऊसमधील पाने ‘उन्हातली पाने’ म्हणून वापरता येत नाहीत.

‘बी’ किरणांचा मोठा भाग थेट सूर्याकडून न येता आकाशातून विखरून येतो. म्हणून आच्छादन केवळ डोक्यावर न ठेवता बाजूंनीही कुंडीच्या काठापर्यंत उतरवावे व हवा खेळण्यासाठी खालून वीतभर फट सोडावी. पाणी व खत दोन्हीकडे सारखे द्यावे, कारण नत्र कमी पडले किंवा थंडी वाढली तरीही पानांत फ्लॅव्होनॉइडे वाढतात आणि तो परिणाम उन्हाच्या खात्यावर जमा होतो. महाराष्ट्रात फेब्रुवारी व मार्च या कामाला उत्तम. आकाश निरभ्र असते आणि एप्रिलसारखी होरपळ सुरू झालेली नसते. पावसाळ्यात हा भाग करू नये. दोन ते तीन आठवड्यांनंतर, दोन्ही गटांतील रोपांचे एकाच क्रमांकाचे, पूर्ण उघडलेले पान दिवसाच्या एकाच वेळी काढावे.

अर्क काढणे आणि मोजणे

मिथेनॉल, पाणी आणि तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल ७९:२०:१ या प्रमाणात मिसळून द्रावक तयार करावा. मिथेनॉल विषारी आहे; त्याची वाफ व त्वचेशी संपर्क दोन्ही टाळावेत आणि काम धूरकपाटातच करावे. अ‍ॅसिटोन वापरू नये, कारण ते स्वतःच सुमारे ३३० नॅनोमीटरखालील किरण शोषते आणि मोजमाप निरर्थक होते. कॉर्क बोररने १ सेंटीमीटर व्यासाच्या ५ चकत्या कापाव्यात, मधली जाड शीर टाळावी, खलात थोड्या द्रावकासह बारीक वाटाव्यात आणि एकूण आकारमान १० मिलिलिटर करून बाटली अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावी. सकाळी सेंट्रीफ्यूज करून वरचा स्वच्छ द्रव घ्यावा. हरितद्रव्याचा अडथळा कमी करण्यासाठी तो हेक्झेनबरोबर हलवून वरचा हिरवट थर काढून टाकावा.

शोषण ३०५ व ३३० नॅनोमीटरला मोजावे. येथे काचेचा क्युवेट चालत नाही. साधी काच हे किरण अडवते, त्यामुळे क्वार्ट्झचाच क्युवेट लागतो. वाचन १ च्या वर गेल्यास अर्क विरळ करावा. गणित सोपे आहे. समजा ५ पट विरळ केलेल्या अर्काचे शोषण ०.४२ आले, मूळ अर्काचे ते २.१ झाले. १० मिलिलिटरने गुणले की २१, आणि पाच चकत्यांच्या एकूण ३.९३ चौरस सेंटीमीटर क्षेत्रफळाने भागले की सुमारे ५.३. याचा अर्थ असा, की ही सर्व द्रव्ये पानाच्या पृष्ठभागावर एकसारखी पसरली असती तर त्यांचे शोषण ५ च्या वर गेले असते, तर शोषण २ असतानाही केवळ १ टक्का किरण पार जातात. प्रत्यक्षात काही द्रव्ये पानाच्या आतील भागात व शिरांमध्येही असतात, म्हणून हा आकडा कमाल मर्यादा समजावा. परिणाम पानाच्या वजनावर न काढता क्षेत्रफळावर काढण्याचे कारणही हेच: छत्री किती जड आहे यापेक्षा ती किती जागा झाकते हे महत्त्वाचे.

महाविद्यालयात केवळ दृश्य प्रकाशाचा कलरीमीटर असला तरी अडून बसण्याचे कारण नाही. अर्काचे ०.५ मिलिलिटर, मिथेनॉल १.५ मिलिलिटर, १० टक्के अ‍ॅल्युमिनियम क्लोराइड ०.१ मिलिलिटर, १ मोलर पोटॅशियम अ‍ॅसिटेट ०.१ मिलिलिटर आणि पाणी २.८ मिलिलिटर एकत्र करून अर्धा तास ठेवावे. क्वेर्सेटिनसारखी द्रव्ये अ‍ॅल्युमिनियमशी बद्ध होऊन पिवळी होतात आणि ४१५ नॅनोमीटरला मोजता येतात. या चाचणीत सिनॅपिक संयुगे दिसत नाहीत, ही तिची मर्यादा अहवालात लिहावी.

यीस्टवरील चाचणी

आतापर्यंत द्रव्ये किती आहेत एवढेच कळले. ती जिवंत पेशी वाचवतात का, हे पाहण्यासाठी बेकरीचे यीस्ट पुरते आणि किरणांचा स्रोत म्हणून जेल पाहण्याचा ट्रान्सइल्युमिनेटर वापरता येतो. त्यातील दिवे बहुधा ३०२ किंवा ३१२ नॅनोमीटरचे, म्हणजे ‘बी’ पट्ट्यातील असतात. प्रयोगशाळेतील जंतुनाशक नळी २५४ नॅनोमीटरची असते व ती ‘सी’ किरण देते. जमिनीवरच्या उन्हात ते किरण नसल्यामुळे तिच्यावरून काढलेला निष्कर्ष उन्हाला लागू करू नये. ट्रान्सइल्युमिनेटरचा पृष्ठभाग आधी स्वच्छ पुसावा, कारण त्यावर एथिडियम ब्रोमाइड या डीएनए रंगवण्याच्या घातक रसायनाचे अंश असतात. पूर्ण चेहरा झाकणारी ढाल, लांब बाह्यांचा कोट आणि हातमोजे वापरावेत. हातमोजा आणि बाही यांच्यामधली मनगटाची उघडी पट्टी हमखास भाजते आणि ते काही तासांनी कळते.

यीस्ट अर्क १ टक्का, पेप्टोन २ टक्के, ग्लुकोज २ टक्के आणि अगर २ टक्के असे माध्यम तयार करून पेट्री डिशमध्ये ओतावे. रात्रभर ३० अंश सेल्सियसला वाढवलेले यीस्ट निर्जंतुक पाण्यात दर टप्प्याला १० पट विरळ करत जावे आणि प्रत्येक टप्प्याचे ५ मायक्रोलिटरचे थेंब एका ओळीत ठेवून जिरू द्यावेत. अर्कातील मिथेनॉल आधी बाष्पीभवनाने पूर्ण काढून टाकावे आणि उरलेला अंश २० टक्के इथेनॉलमध्ये विरघळवावा. पातळ पॉलिथिनची लहान चपटी पिशवी करून तिच्यात हा अर्क सुमारे ३ मिलिमीटर जाडीचा थर होईल इतका भरावा व पिशवी उष्णतेने सील करावी. दुसऱ्या तशाच पिशवीत केवळ २० टक्के इथेनॉल भरावे.

अर्काची तीव्रता ठरवताना थराची जाडी विसरू नये. १ सेंटीमीटरच्या क्युवेटमध्ये ज्या अर्काचे शोषण १ येते त्याचे ३ मिलिमीटरच्या पिशवीत ०.३ होते आणि त्यातून निम्मे किरण पार जातात. पिशवीतून १० टक्केच किरण जावेत असे हवे असेल तर क्युवेटमधील शोषण ३.३ च्या आसपास असावे लागते.

पिशवी ट्रान्सइल्युमिनेटरवर ठेवावी, तिच्याभोवतीचा भाग काळ्या कागदाने झाकावा आणि झाकण काढलेली डिश लहान आधारांवर अशी पालथी ठेवावी की अगरची बाजू पिशवीकडे असेल. प्लॅस्टिकचे झाकण मध्ये राहिले तर तेच किरण अडवते आणि सगळ्या डिश सारख्याच ‘सुरक्षित’ दिसतात. ०, ५, १०, २० व ४० सेकंद अशा वेळा घेऊन पाहाव्यात. केवळ इथेनॉलच्या पिशवीखाली ज्या वेळेला बहुतांश पेशी मरतात ती वेळ पुढील तुलनेसाठी निश्चित करावी.

आता तीन संच लावावेत. पहिल्यात अर्क फक्त पिशवीत असतो आणि पेशींना त्याचा स्पर्शही होत नाही. दुसऱ्यात पेशी तासभर विरळ अर्कात ठेवून, मग पाण्याने दोनदा धुऊन डिशवर ठेवतात आणि पिशवीत केवळ इथेनॉल असते. तिसऱ्यात पेशींना आधी किरण देतात आणि नंतर अर्क मिसळलेल्या माध्यमावर वाढवतात. प्रत्येक संचाबरोबर किरण न दिलेली एक डिश ठेवावी, कारण अर्क स्वतः यीस्टला विषारी असेल तर ते येथेच उघड होते. फक्त पहिल्या संचात पेशी वाचल्या तर अर्काने सावली दिली एवढेच म्हणावे. दुसऱ्यात वाचल्या तर पेशीच्या आत काहीतरी घडले असे मानण्यास जागा आहे. तिसऱ्या संचातील फरकाकडे जरा संशयानेच पाहावे आणि तो पुन्हा पुन्हा मिळाल्यावरच नोंदवावा.

किरण दिल्यानंतर डिश तत्काळ फॉइलमध्ये गुंडाळून अंधारात ३० अंशांना दोन दिवस ठेवाव्यात. ही सूचना किरकोळ वाटते, परंतु संपूर्ण प्रयोग तिच्यावर टिकून आहे. यीस्टमध्ये फोटोलायेज नावाचे विकर असते आणि ते निळ्या व ‘ए’ प्रकाशाची ऊर्जा वापरून थायमिनचे जोड सोडवते. खिडकीजवळ ठेवलेल्या डिशमधील पेशी अर्काच्या मदतीविनाच सावरतात. वनस्पतींमध्येही हे विकर असते, माणसात मात्र नाही, आणि आपल्याला खराब तुकडा कापून काढून नवा बसवण्याच्या पद्धतीवर अवलंबून राहावे लागते. डीएनए दुरुस्तीसाठी २०१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल ज्या तिघांना मिळाले त्यांपैकी अझीझ सांजार यांच्या संशोधनाची सुरुवात फोटोलायेजपासूनच झाली होती. एक जादा डिश मुद्दाम प्रकाशात ठेवून हा फरक विद्यार्थ्यांना दाखवावा. दोन डिश शेजारी ठेवल्या की समजावून सांगण्याची फारशी गरज उरत नाही.

डीएनएचा थेट पुरावा

पेशी जगली याचा अर्थ तिचा डीएनए वाचला असाच होतो असे नाही. थेट पुराव्यासाठी पीयूसी-१९ सारखा प्लाझ्मिड, म्हणजे डीएनएचे लहान वर्तुळ, घ्यावा. पिशवीच्या वर पातळ पॉलिथिन ताणून त्यावर प्लाझ्मिडचे लहान थेंब ठेवावेत, खालून किरण द्यावेत आणि नंतर थेंब गोळा करून टी-४ एन्डोन्यूक्लिएज-व्ही या विकराबरोबर ठेवावेत. हे विकर थायमिनचा जोड असलेल्या जागीच धाग्याला चीर पाडते. अगरोज जेलवर अखंड, पीळदार प्लाझ्मिड पुढे धावतो आणि चीर पडलेला मागे रेंगाळतो, त्यामुळे मागच्या पट्ट्याची जाडी म्हणजे नुकसानीचे माप ठरते. जोडीला किरण न दिलेला पण विकर घातलेला आणि किरण दिलेला पण विकर न घातलेला असे दोन नमुने लावणे अनिवार्य आहे. साधी कॉमेट चाचणी येथे पुरेशी नाही. ती धाग्यातील तुटी दाखवते आणि थायमिनचा जोड ही तूट नसल्यामुळे हे विकर आधी वापरल्याशिवाय तिला तो दिसत नाही.

बऱ्याच अहवालांत अर्क व प्लाझ्मिड एकाच नळीत मिसळून किरण दिलेले असतात. अशा नळीत अर्काने वाटेतच किरण शोषले की मुक्तमूलके विझवली, हे सांगता येत नाही. म्हणून अर्क पिशवीत असलेला आणि थेंबात मिसळलेला असे दोन्ही नमुने एकाच जेलवर चालवावेत. निष्कर्ष लिहिताना किरणांची लांबी, वेळ, अर्काचे शोषण व थराची जाडी या चारही बाबी द्याव्यात, आणि पिशवीतील शोषण त्याच पानाच्या क्षेत्रफळावरून आलेल्या आकड्यापेक्षा कितीतरी जास्त ठेवले असेल, तर तो परिणाम अर्काचा आहे, पानाचा नव्हे, असे त्याच वाक्यात नमूद करावे.